अतिवृष्टी, भरती आणि खारावलेले शेत: मुंबई उपनगराच्या अनुभवातून पूर-नुकसान समजून घ्या

पूर ओसरला की आपण उभे पीक पाहतो. आडवे झालेले भात, कुजलेली भाजी, वाहून गेलेला बांध हे डोळ्यांना दिसते. मातीत शिरलेले मीठ, विहिरीत उतरलेले घाण पाणी आणि नदीत साचलेला गाळ लगेच दिसत नाही. हे न दिसणारे नुकसान पुढच्या दोन-तीन हंगामांत उत्पन्न खाली आणते. डोंगरावरील जंगल, नदी, खाडी, हवा, माती आणि जनावरे एकमेकांशी जोडलेली असल्याने एका ठिकाणचा बिघाड दुसरीकडे पोहोचतो. तो कसा पोहोचतो हे मुंबई उपनगर जिल्ह्यात अगदी स्पष्ट दिसले आहे. शहरात शेती थोडी असली, तरी कोकण किनाऱ्यावरील पालघर, ठाणे, रायगड येथील शेतकऱ्यांना हा अनुभव उपयोगी पडणारा आहे.

पृथ्वीची चार आवरणे आणि आपले शेत

शालेय पुस्तकात आपण चार आवरणे शिकतो.

- वातावरण: हवा, पाऊस, वारा, तापमान.
- जलावरण: समुद्र, नद्या, तलाव, भूजल.
- शिलावरण: खडक, डोंगर, माती.
- जीवावरण: पिके, जंगल, जनावरे, सूक्ष्मजीव आणि माणूस.

शेत म्हणजे ही चारही आवरणे जिथे एकत्र येतात ती जागा. पाऊस वातावरणातून येतो, मातीत मुरतो, भूजलात उतरतो, पिकातून पुन्हा हवेत जातो. या फेऱ्यात एका ठिकाणी अडथळा आला, की त्याचा परिणाम इतर तीन ठिकाणी उमटतो.

उपनगराची रचना: डोंगर ते खाडी

बोरिवली ते मुलुंड यांच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौ.कि.मी. जंगल आहे. तुळशी व विहार हे तलाव उद्यानाच्या हद्दीत आणि पवई तलाव त्याच्या दक्षिणेला आहे. दहिसर व पोयसर या नद्या या डोंगरातून, तर ओशिवरा नदी आरे परिसरातून निघून पश्चिमेकडील खाड्यांना मिळते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून मिठी नदी तयार होते. ती साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल या मार्गे सुमारे १८ कि.मी. वाहत माहीमच्या खाडीला मिळते. घाटकोपर, भांडुप, मुलुंडकडील पाणी नाल्यांतून पूर्वेला ठाणे खाडीत उतरते.

नद्यांची लांबी कमी आणि डोंगर जवळ असल्याने पाणी काही तासांतच खाली येते. ते ज्या खाडीत जायचे तिथे दिवसातून दोनदा भरती येते. डोंगरावर झाडोरा, मध्ये मोकळे नदीपात्र आणि किनाऱ्यावर तिवरांची वने व मिठागरे असतील, तर हे पाणी सामावले जाते. यातील एक जरी कडी तुटली तरी पूर वाढतो. कोकणातील बहुतेक खाडीकाठच्या गावांची रचना अशीच आहे.

२६ जुलै २००५: एकाच दिवसात चारही आवरणे

त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. त्याच काळात दक्षिणेकडील कुलाबा येथे फक्त ७३ मि.मी. पाऊस पडला. म्हणजे एकाच शहरातील दोन वेधशाळांच्या आकड्यांत बारा पटींहून अधिक फरक होता. पर्जन्यमापक आपल्या गावाजवळ असणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून कळते.

९४४ मि.मी. म्हणजे एका एकरावर सुमारे ३८ लाख लिटर पाणी. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मि.मी. पाऊस आणि समुद्राची ओहोटी गृहीत धरून बांधलेल्या होत्या. प्रत्यक्षात बहुतेक पाऊस दुपारी व संध्याकाळी कोसळला आणि त्याच दुपारी सुमारे ४.४८ मीटरची मोठी भरती होती. पाण्याला समुद्रात जायला वाट उरली नाही.

मिठीचे पात्र भराव व अतिक्रमणांनी अरुंद झाले होते, विमानतळाजवळ ते काटकोनात वळवलेले होते. साकीनाका येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. तबेल्यांत बांधलेली जनावरे आणि देवनार येथील हजारो शेळ्या-मेंढ्या बुडून मेल्या. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगांची साथ आली. पुढे राज्य शासनाने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली.

घटनाक्रम पाहिला तर पाऊस वातावरणातून आला, दरड शिलावरणात कोसळली, पूर जलावरणात चढला आणि रोग जीवावरणात पसरला. या चार वेगवेगळ्या आपत्ती नव्हत्या, एकाच साखळीच्या चार कड्या होत्या.

पहिली कडी: डोंगरावरची माती

झाडांची पाने पावसाच्या थेंबाचा मार झेलतात आणि मुळे माती धरून ठेवतात. उतारावरील झाडोरा गेला, की पाणी मुरण्याऐवजी वाहते. एक हेक्टर क्षेत्रावरून फक्त १ मि.मी. जाडीची माती वाहून गेली, तरी तिचे वजन साधारण १३ टन भरते. सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये याच वरच्या थरात असतात. ही माती नदीत गाळ बनून बसते, पात्र उथळ होते आणि पुढच्या वर्षी कमी पावसातही पाणी काठावर येते. डोंगरउतारावरील शेतकऱ्याने गमावलेली माती खाडीकाठच्या शेतकऱ्याचा पूर वाढवते.

दुसरी कडी: खाडीचे मीठ शेतात

बोरिवली तालुक्यातील गोराई-मनोरीपासून रायगडच्या खारपट्ट्यापर्यंत अनेक शेते भरतीच्या पातळीच्या आसपास आहेत. बाहेरचा खारबांध आणि ओहोटीला पाणी बाहेर सोडणारी उघाडी यांवर ही शेती टिकून असते. मागून पुराचा आणि पुढून भरतीचा दाब आला, की बांधाला खांड पडते. खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेला बांध आधी फुटतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी एका गुंठ्यावर १० सें.मी. उभे राहिले, तर त्यात सुमारे ३५० किलो मीठ असते. पावसाळ्यात खाडीचे पाणी बरेच सौम्य होते आणि सर्व मीठ मातीत राहत नाही. तरीही शिल्लक राहिलेला थोडा भाग पिकाला पुरेसा घातक ठरतो.

मातीची क्षारता विद्युत वाहकतेवरून मोजतात. ती ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर जमीन क्षारयुक्त समजतात. भाताचे उत्पादन साधारण ३ च्या पुढे घटू लागते आणि ७ च्या आसपास निम्म्यावर येते. रोप अवस्था व फुलोरा या काळात भात मिठाला सर्वांत नाजूक असते. घेवडा, गाजर, कांदा व भेंडी ही पिके १ ते १.२ च्या पुढेच त्रास दाखवतात. पालक मध्यम, तर बीट त्यापेक्षा अधिक सहनशील आहे.

विहिरींचाही प्रश्न असतो. किनाऱ्यावर गोड भूजल हे जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर असलेली गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर तत्त्वतः खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर सरकू शकते. म्हणून उन्हाळ्यात जास्त उपसा केलेली विहीर एकाएकी खारी होते.

तिसरी कडी: नाल्याचे पाणी आणि भाजीपाला

उपनगरात रेल्वेमार्गालगत व मोकळ्या पट्ट्यांत पालक, माठ, मुळा, भेंडी पिकवली जाते. पुराचे पाणी गटार, कारखाने व कचराभूमीतून फिरून येते तेव्हा त्यात रोगजंतूंबरोबर शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू असू शकतात. पालेभाज्या हे धातू फळभाज्यांपेक्षा अधिक प्रमाणात साठवतात. पाने धुतल्याने वरची घाण जाते, पानाच्या आत गेलेला धातू जात नाही.

उलट दिशेनेही साखळी चालते. तबेल्यांचे शेण नदी-नाल्यात सोडले, की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. हेच शेण कुजवून शेतात टाकले तर मातीची जलधारण क्षमता वाढते. जे शेताला खत आहे, तेच नदीला प्रदूषण आहे. फरक फक्त जागेचा आहे.

चौथी कडी: तापलेला समुद्र

हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, तर ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. अरबी समुद्र तापत असल्याने जमिनीकडे येणारे बाष्प वाढले आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे अभ्यासात दिसून आले आहे.

चक्रीवादळांचाही अनुभव ताजा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि नारळ, सुपारी, आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले, तेव्हा सांताक्रूझला मे महिन्यात एका दिवसात २३० मि.मी. पाऊस झाला. वादळी वाऱ्याबरोबर उडालेले खारे तुषार पानांवर बसून कडा करपतात, हे नुकसान किनाऱ्यापासून आतल्या शेतातही दिसते. १८ जुलै २०२१ रोजी भांडुप येथील जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरून शहराचा पाणीपुरवठाच बंद पडला. पूर आला असतानाच पिण्याचे पाणी नाही, अशी स्थिती झाली. गोठ्यासाठीही स्वच्छ पाण्याचा साठा का हवा, ते यातून समजते.

तिवर आणि मिठागरे: किनाऱ्याचा बांध

तिवरांची मुळे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरतात आणि खारबांधाच्या पायथ्याची धूप कमी करतात. मुलुंड-भांडुप-कांजूरमार्ग पट्ट्यातील मिठागरे पावसाचे पाणी काही काळ साठवतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने हे संरक्षण कायम केले. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिवर म्हणजे फुकट मिळालेला बाहेरचा बांध आहे. जळणासाठी किंवा भरावासाठी तो तोडू नये.

काय करावे?

*पावसाळ्यापूर्वी (एप्रिल-मे)*

- खारबांधाची पाहणी करून खेकड्यांची बिळे चिकणमातीने ठोकून बुजवावीत. उघाडीची झडप ओहोटीला उघडते व भरतीला घट्ट बसते का ते तपासावे.
- मातीचा नमुना ० ते १५ व १५ ते ३० सें.मी. खोलीतून वेगवेगळा घ्यावा. मे महिन्यात क्षार सर्वाधिक वर आलेले असल्याने हीच वेळ योग्य आहे.
- खारपट्ट्यासाठी डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भात जाती निवडाव्यात.
- रोपवाटिका खाचरात न करता उंच जागी करावी. थोडे बियाणे दुबार रोपांसाठी राखून ठेवावे.
- उतारावर समपातळीत बांध घालून त्यावर गिरिपुष्प लावावे. बांध टिकतो व हिरवळीचे खत मिळते.
- जनावरांना घटसर्प व फऱ्या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात.
- भरतीचे वेळापत्रक भिंतीवर लावावे. मुसळधार पावसाचा इशारा आणि मोठी भरती एकाच दिवशी येत असेल, तर तो दिवस धोक्याचा समजावा.

*पूर आल्यावर पहिले ४८ तास*

- पाणी चढू लागताच जनावरांची दावी सोडून त्यांना उंच जागी न्यावे. बांधलेले जनावर पोहू शकत नाही.
- ओहोटीच्या वेळी उघाडी व चर मोकळे करून पाणी काढावे. भरतीला उघाडी उघडी ठेवू नये.
- पाण्यात उतरताना गमबूट घालावेत, पायाला जखम असल्यास उतरू नये. ताप आल्यास अंगावर न काढता डॉक्टरांना पुराच्या पाण्यात काम केल्याचे सांगावे.
- मेलेली जनावरे नदी-नाल्यात टाकू नयेत. पशुवैद्यकीय अधिकारी किंवा स्थानिक प्रशासनाला कळवून, विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत.
- नुकसानीचे फोटो काढावेत. शेतात वाळू किंवा गाळ साचला असल्यास त्याची जाडी पट्टीने मोजून ठेवावी. आपत्ती मदतीच्या निकषांत ३ इंचांपेक्षा जाड थराचा वेगळा विचार होतो. पिकासाठी ३३ टक्के किंवा अधिक नुकसान ही अट असते.

*पहिले दोन आठवडे*

- शेतात शिरलेले पाणी खारे की गोडे, हे आधी ठरवावे. खारे असेल तर बांदिस्त करून पावसाचे पाणी सुमारे १० सें.मी. साठवावे, एक-दोन दिवसांनी ओहोटीला सोडून द्यावे आणि हे तीन-चार वेळा करावे. जुलै-ऑगस्टचा पाऊस हेच मीठ धुण्याचे सर्वांत स्वस्त औषध आहे.
- जिप्सम सरसकट टाकू नये. सामू ८.५ पेक्षा जास्त असून माती चोपण असल्याचे अहवालात दिसले, तरच शिफारशीप्रमाणे वापरावे.
- भातात नांगे पडले असल्यास राखीव रोपे किंवा जोमदार चुडातील फुटवे वेगळे करून भरावेत.
- पाणी ओसरल्यावर नत्राचा हप्ता बेतानेच द्यावा. जखमी पानांवर कडा करपा येतो आणि जास्त नत्राने तो भडकतो.
- खाऱ्या तुषारांनी माखलेली झाडे शक्य असल्यास गोड्या पाण्याने धुवावीत.
- गटाराचे पाणी लागलेल्या पालेभाज्या विकू नयेत व खाऊ नयेत. नुकसान सोसावे लागते, पण आपल्या मालामुळे कोणाचे मूल आजारी पडू नये.
- विहिरीचे पाणी उपसून, निर्जंतुकीकरण करून, तपासल्याशिवाय पिण्यास वापरू नये.

*रब्बी हंगाम*

- ऑक्टोबरनंतर जमीन उघडी ठेवू नये. पाण्याचे बाष्पीभवन होताना खालचे मीठ वर येते. भाताच्या पेंढ्याचे आच्छादन करावे.
- ओलीत करण्यापूर्वी पाण्याची वाहकता तपासावी. ०.७ पेक्षा कमी असेल तर पाणी चांगले, ०.७ ते ३ असल्यास पीक पाहून जपून वापरावे, ३ च्या वर टाळावे.
- क्षारता टिकून असेल तर घेवडा, कांदा, गाजर याऐवजी पालक, बीट यांसारखी पिके घ्यावीत.
- पुढच्या खरिपापूर्वी धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडावा. तो क्षार व पाणथळ दोन्ही सहन करतो.

विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

पंचनामा मुख्यतः उभ्या पिकाचा व दिसणाऱ्या नुकसानीचा होतो. म्हणून पाहणीच्या वेळी पुढील चार नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात.

१. पाणी किती दिवस उभे होते आणि ते कोठून आले: डोंगर, नाला की खाडी.
२. पूर ओसरल्यावर आणि ऑक्टोबरमध्ये त्याच ठिकाणच्या मातीची वाहकता.
३. जवळच्या विहिरीच्या पाण्याची चव, वाहकता व दूषितता.
४. बांध, उघाडी, नदीपात्र व तिवर यांची स्थिती, फोटोसह.

या नोंदी असतील तर पुढच्या हंगामात उत्पन्न का घटले याचे उत्तर शेतकऱ्याला देता येते. गावाची बैठक घेताना वरच्या वाडीतील आणि खाडीकाठच्या शेतकऱ्यांना एकत्र बोलवावे. वरच्यांनी समपातळी बांध घातले, तर खालच्यांचा गाळ कमी होतो. खालच्यांनी उघाडी वेळेवर चालवली, तर पाणी मागे तुंबत नाही. एकट्याने केलेले काम या ठिकाणी अर्धेच राहते.

लक्षात ठेवा

- पूर ओसरला म्हणजे नुकसान संपले असे नाही. माती, विहीर आणि जनावरे यांची तपासणी बाकी असते.
- खारे पाणी शिरलेल्या शेताला पहिली गरज खताची नसते. पावसाच्या पाण्याने धुण्याची व निचऱ्याची असते.
- डोंगरावरचे झाड, नदीचे मोकळे पात्र, खाडीतील तिवर आणि बांधावरची उघाडी हे एकाच संरक्षणाचे चार भाग आहेत. त्यातील जो भाग आपल्या हातात आहे, तो या उन्हाळ्यातच दुरुस्त करावा.